हलशीचा खांब

गणपती गेले की आमच्या धंद्याला पंधरा दिवस उसंत मिळते. श्रावणापासून अनंत चतुर्दशीपर्यंत फ्लेक्सचं मशीन थंड होत नाही. मंडळांच्या स्वागतकमानी, पुढाऱ्यांचे वाढदिवस, 'हार्दिक शुभेच्छा' आणि त्याखाली तीस जणांचे पासपोर्ट साइझ चेहरे. मग पितृपंधरवडा लागतो. उद्घाटन नाही, वास्तुशांत नाही, साखरपुडा नाही. फ्लेक्स लावणार कोण? श्रद्धांजलीचे तेवढे येतात, ते ए-फोर कागदावर भागतात.

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. कोरल आणि श्रीलिपीवर पंधरा वर्षं गेली. कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्यापासून पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला, त्यामुळे हल्ली निम्मा वेळ अक्षरांची मापं काढण्यात जातो. उरलेला निम्मा चेहऱ्यांवर. टक्कल झाकायचं, पोट आत घ्यायचं, डोळ्यांखालचं काळं पुसायचं. वर्षाकाठी दोनचार वेळा माणूसच्या माणूस पुसायचा असतो. कालपर्यंत गटात होता, आज नाही. मग जुन्या फाइलमधून त्याला उचलायचं आणि त्याच्या जागी ढग घालायचा. या कामात माझा हात चांगला आहे. गिऱ्हाईक लांबून येतं.

यंदा दुकान धाकट्या भावाच्या गळ्यात मारलं आणि ठरवलं, चार दिवस आपल्याच भागात हिंडून फोटो काढायचे. माणसांचे नाहीत. देवळं, डोंगर, पाणी. सोबतीला खानापूरचे मामा. मामा निवृत्त ड्रॉइंग मास्तर, वय एकाहत्तर, आजही खिशात पाण्याची बाटली आणि ब्रश. कॅमेऱ्यावर त्यांचा विश्वास नाही, पण फिरायला त्यांना निमित्त लागत नाही.

सामान म्हणाल तर सेकंडहँड घेतलेला २४ मेगापिक्सलचा कॅमेरा, त्याची १८-५५ ची लेन्स, मित्राकडून उसनी आणलेली १०-१८, एक ट्रायपॉड आणि दोन फिल्टर. लॅपटॉपवर डार्कटेबल, फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, शिकायला किचकट आहे, पण शिकल्यावर सोडवत नाही.

पहिला दिवस : बेळगावचा किल्ला

किल्ला आमच्या घरापासून दुचाकीवर फार तर वीस मिनिटं, आणि मी आत शेवटचा गेलो होतो तो शाळेच्या सहलीतून. गावातल्या माणसाचं असंच असतं. मामा सकाळच्या बसने उतरले, त्यांना मागे बसवलं आणि तलावाच्या कडेकडेने दरवाजात शिरलो. दारातल्या दुर्गेला हात जोडले. आत लष्कराचा वावर आहे, त्यामुळे कॅमेरा कुणीकडे वळवतोय याचं भान ठेवावं लागतं. मनाईची पाटी दिसली की कॅमेरा पिशवीत. मामांचं बरं आहे, त्यांच्या वहीला कुणी हटकत नाही.

जायचं होतं कमल बसदीत. रट्टांचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचीराज, त्याने १२०४ मध्ये हे जैन मंदिर बांधलं. गाभाऱ्यात नेमिनाथ. बाहेरून बघणाऱ्याला बसदी बुटकी आणि गंभीर वाटते. खरी गंमत आत मान वर केल्यावर. मंडपाच्या छतातून दगडाचं कमळ खाली उमललेलं आहे. ७२ पाकळ्या. होऊन गेलेले, आत्ताचे आणि पुढे होणारे असे प्रत्येकी चोवीस तीर्थंकर, म्हणून बहात्तर.

या कमळाचा फोटो काढायचा कसा? अशा संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी काढावी लागते, आणि हातात धरून काढावा तर अंधार. पुजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, गाभाऱ्यातला नको, छताचा काढा. मग रुमालाची चौपदरी घडी केली, कमळाच्या बरोबर खाली फरशीवर ठेवली आणि तिच्यावर कॅमेरा उताणा निजवला. दहा सेकंदांचा टायमर लावून मी खांबाआड पळालो. पहिल्या फोटोत माझं डोकं आलं. दुसऱ्यात कमळ तिरकं. मामा खांबाला टेकून बघत होते, म्हणाले, "आरं, फरशीचा सांधा बघ की. त्येला धरून कॅमेरा ठेव." कॅमेऱ्याची कड सांध्याला लावली आणि कमळ चौकटीत नीट बसलं. आयएसओ १००, एफ/८, चार सेकंद. दगडी जमिनीइतका घट्ट ट्रायपॉड बाजारात मिळत नाही.

रात्री लॅपटॉपवर फाइल उघडली तर कमळ अर्धं हळदीचं, अर्धं निळीचं. दारातून आलेला दिवसाचा उजेड निळसर, आतल्या दिव्याचा पिवळा. डोळ्याला हे जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. व्हाइट बॅलन्सला एकच आकडा देता येतो. दिवसाला साजेसा ५५०० दिला की दिव्याकडची बाजू केशरी होते आणि दिव्याला साजेसा ३००० दिला की दाराकडची निळी पडते. रॉ फाइलची सोय अशी की रंग अजून पक्के झालेले नसतात. एकाच फाइलच्या दोन प्रती केल्या, एक ५५०० ची, एक ३००० ची, आणि मास्क, म्हणजे फोटोचा हवा तेवढाच भाग उघडा ठेवणारा पडदा, ओढून दोन्ही एकमेकींत मिसळल्या. पाऊण तास गेला. दगड अगदी निर्मळ करडा झाला.

मामांनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनजवळ नाक नेलं. "सिमेंट वाटतंय."

"मामा, दगड काळाच आहे तो."

"तुला कुणी सांगितलं? मी काळा रंग कधी ट्यूबमधला घेतला नाही. प्रुशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळ, बघ कसा काळा होतोय. आत निळं पण असतंय, तांबडं पण."

हे मला कळायला हवं होतं. फ्लेक्सला नुसता काळा टाकला की तो राखाडी उतरतो. गडद काळ्यासाठी आम्हीही चारही शाया घालतो. मास्क चाळीस टक्क्यांवर आणला. एका बाजूला थोडी हळद राहिली, दुसऱ्या बाजूला थोडी नीळ. दगडाला वजन आलं.

दुसरा दिवस : हलशी

आदल्या रात्रीच मामांच्या घरी, खानापूरला मुक्काम टाकला होता. पहाटे साडेपाचला मामी चहा घेऊन उभी. नंदगडच्या वाटेला लागलो तेव्हा रस्त्यावर धुकं होतं आणि दोन्ही अंगाला पोसवलेलं भात. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी गाडी थांबवली. कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या या शिलेदाराला इंग्रजांनी १८३१ च्या जानेवारीत इथेच फाशी दिलं. उजेड अजून फुटायचा होता, म्हणून फोटो न काढता नमस्कार करून निघालो.

हलशी म्हणजे जुनी पलाशिका, कदंबांची दुसरी राजधानी. इथल्या जमिनीतून निघालेल्या कदंबांच्या ताम्रपटांत जैन मंदिरांना दिलेल्या दानांचे लेख आहेत. आज हलशी हे कौलारू घरांचं, शेणकुटाच्या वासाचं, निवांत गाव आहे, आणि मधोमध भूवराह नरसिंहाचं देऊळ. बारावं शतक, गोव्याच्या कदंबांचा काळ. भूवराहाची मूर्ती पुरुषभर उंच, ११८६-८७ च्या सुमाराला तिसऱ्या विजयादित्याने बसवलेली. देवळाची खासियत अशी की गाभारे दोन आणि तेही समोरासमोर. फोटोवाल्याची पंचाईत झालीच समजा. मंडपात मधे उभं राहून कॅमेरा कुणीकडेही लावा, एका देवाकडे पाठ होतेच. मामांनी तोडगा काढला. ते वहीत डाव्या पानावर एक गाभारा आणि उजव्या पानावर दुसरा काढत बसले. वही मिटली की देव पुन्हा समोरासमोर.

मी बाहेरून सुरुवात केली. देवळाजवळ उभं राहून कॅमेरा वर केला की शिखर मागे कलंडतं, भिंती वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. इमारतीचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं. इलाज जुनाच आहे. मागे सरा, उंचवटा शोधा, कॅमेरा सरळ धरा. मागे सरत सरत मी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपाशी पोचलो. तिथल्या कट्ट्यावरून अख्खं देऊळ बसत होतं. फक्त मधे विजेचा खांब आणि त्याच्यावरून चार तारा. आणि पायरीवर एक पांढरं-तपकिरी कुत्रं.

टपरीवाले आजोबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "काय काढूलालाय ओ, सकाळधरनं?"

"देऊळ."

"मग देवळात जावा की. हितनं काय दिसतंय?"

सरळ रेषांचं प्रकरण त्यांना समजावून सांगितलं. पटलं की नाही कळलं नाही, पण आतून एक लाकडी स्टूल आणून दिलं. "ह्याच्यावर चढा. आणि च्या घ्या आधी."

ढग फाटले होते, आकाश पांढरंफेक, देऊळ सावलीत काळं. असल्या उजेडात एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. देवळाला धरून उजेड घेतला तर आकाश कोऱ्या कागदासारखं होतं आणि त्यातून पुढे काही म्हणता काही काढता येत नाही. अंधारातून थोडंफार उकरता येतं. पांढरं एकदा फुटलं की फुटलं. मामांचं जलरंगातलं पहिलं वाक्य हेच असायचं, शाळेतही आणि घरीही : पांढरा रंग लावायचा नसतो, सोडायचा असतो. म्हणून ट्रायपॉडवर तीन फोटो घेतले, एक नेहमीच्या उजेडाचा, एक दोन स्टॉप गडद (म्हणजे चौथाई उजेडाचा), एक दोन स्टॉप उजळ. घरी जाऊन तिन्ही एकत्र करायचे, गडदमधलं आकाश, उजळमधला दगड. यात एकच अट असते, मधे कुणी हलायचं नाही. देऊळ हललं नाही. कुत्र्याने दर फोटोला मान वळवली.

दुपारी ऊन पडलं तसं मी आवारात शिलालेखाच्या दगडापाशी गेलो. समोरून फोटो काढला तर नुसता खडबडीत दगड, अक्षर एक दिसेना. मोबाइलचा टॉर्च लावून मामांना दगडाच्या बाजूला, अगदी कडेला, जवळजवळ समांतर धरायला लावला. एकदम ओळीच्या ओळी उठून आल्या. कोरलेल्या प्रत्येक अक्षराच्या एका काठावर उजेड, दुसऱ्या काठावर सावली. मामा म्हणाले, "हे मी पेन्सिलीनं कागद घासून केलं असतं." खरंय. फक्त माझ्यात दगडाला हात लागत नाही.

निघताना आजोबांनी फोन नंबर दिला. "पोरगा पुण्यात हाय. फोटू आला की धाडा, त्याला दाखिवतो."

त्या रात्री मामांच्या सोप्यात लॅपटॉप उघडून बसलो. तीन फोटो एकत्र केल्यावर आकाशात ढग आले, दगडात पायऱ्या पायऱ्या दिसू लागल्या आणि पायरीवर दत्तमहाराजांची तीन तोंडं माझ्या कुत्र्याला आली. तिथे मास्क लावून एकाच फोटोतलं कुत्रं ठेवलं. मग उभ्या रेषा सरळ केल्या. प्रोग्रॅमला विचारलं तर तो शंभर टक्के सरळ करतो आणि मग शिखर वरून फुगल्यासारखं, अंगावर आल्यासारखं दिसतं. माणसाच्या डोळ्याला थोडा कल लागतोच. मी ऐंशी टक्क्यांवर थांबलो. या सरळ करण्यात कडा कापल्या जातात, त्यासाठी फोटो काढतानाच चहूबाजूंनी मोकळी जागा सोडावी लागते. फ्लेक्सला आयलेट मारायला बॉर्डर सोडतो तशी.

आणि मग माझा हात शिवशिवायला लागला. खांब.

आकाशावरच्या तारा काढायला दोन मिनिटं लागली. शिखरावरून गेलेल्या तारांनी घाम काढला, कारण थरावर थर आहेत आणि प्रत्येकाची कड मागच्या कडेला जुळली पाहिजे, केसभर सरकली तर ठिगळ कळतं. खांबाचं काम सगळ्यांत मोठं. खांबाने देवळाच्या भिंतीचा कोपराच झाकला होता. त्यामागचे दगड कॅमेऱ्याला दिसलेलेच नव्हते; ते मला शेजारच्या दगडांवरून बनवावे लागले. एक उचल, उलटा कर, थोडा गडद कर, बसव. दीड तासाने बघितलं तर खांब होता असं कुणी शपथेवर सांगितलं नसतं. बाराव्या शतकातल्या त्या भिंतीत आठ दगड माझे होते. मामा तोवर झोपले होते. अकरा वाजता आजोबांना फोटो धाडला आणि मीही आडवा झालो.

तिसरा दिवस : जांबोटी, कणकुंबी

लिहिण्यासारखं थोडंच. जांबोटी ओलांडली आणि पावसाने गाठलं. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी पोचेपर्यंत रेनकोटच्या आतून पाणी. मलप्रभा इथे उगम पावते, त्या कुंडाचे फोटो घ्यायचे होते. पिशवीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर वाफ, पुसली की पुन्हा वाफ. पुढे कळसा प्रकल्पाच्या खोदकामाकडे नजर गेली, म्हादईचं पाणी मलप्रभेकडे वळवायचा तो प्रकल्प. उघडी पडलेली लाल माती पावसात वाहत होती. एक फोटो काढला, तोही हललेला.

परतताना एका शेताच्या बांधावर थांबलो. धुकं खाली उतरलेलं, भाताचं खाचर, पलीकडे जंगलाची नुसती रेघ. पोलरायझर लावून फिरवला. ओल्या पानावर आकाशाची जी पांढरी चकाकी असते ती या काचेने जाते आणि खालचा हिरवा बाहेर येतो. सगळे हा फिल्टर निळ्या आभाळासाठी घेतात. आमच्या भागात त्याची किंमत पावसात कळते. आभाळ चौकटीतून पूर्ण कापलं. चार दिवसांत सरळ कॅमेऱ्यातून निघालेला, पुढे काहीच करावं न लागलेला फोटो तेवढा एकच.

जांबोटीला भज्यांच्या गाड्यापाशी मोबाइलला रेंज आली आणि एकामागून एक टुंग टुंग सुरू झालं. त्यात आजोबांचा व्हॉइस मेसेज. स्पीकरवर लावला.

"फोटू लई बेस आलाय. पोराला धाडला. पण आमचा खांब कुठं गेला ओ? तो बसवायला चार वर्सं हेलपाटे घातल्यात. अर्जावर पयली सही माझी हाय."

मामांनी भजं तोंडात टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आठ दगडांचं सांगितलंस काय त्येस्नी?"

चौथा दिवस : गोकाक

गोकाकला आम्ही दोघांनी सकाळची बस धरली. हा सगळा कन्नड मुलूख. माझं कन्नड दुकानापुरतं, मामांचं माझ्याहून बरं. धबधब्यावर घटप्रभा बावन्न मीटर खाली उडी घेते, घोड्याच्या नालासारखा अर्धगोल कडा. पाण्याला आवाज आहेच, त्याहून जास्त धमक आहे, कठड्याला हात लावला तर हातात थरथर येते. पाणी तांबूस, चहात दूध कमी पडल्यासारखं. वरच्या अंगाला झुलता पूल, दोनशे मीटर लांब. त्या दिवशी त्याचं फाटक बंद होतं. काठावर महालिंगेश्वराचं चालुक्य काळातलं देऊळ आणि जरा पलीकडे गिरणीच्या इमारती. याच पाण्याच्या जोरावर सूतगिरणी चालवायची कल्पना १८८० च्या दशकातली. देऊळ, गिरणी, पूल आणि पाणी एकाच नजरेत येतात, असं ठिकाण आमच्या जिल्ह्यात दुसरं नाही.

इथे मला उसन्या फिल्टरची हौस भागवायची होती. दहा स्टॉपचा एनडी म्हणजे वेल्डरच्या काचेसारखी काळी काच. उजेड हजारातला एक भागच आत सोडते. तिच्याविना एक षष्ठांश... चुकलो, एक साठांश सेकंद लागत होता, ती लावल्यावर सतरा सेकंद. फोकस आधी करून मग फिल्टर लावायचा, कारण लावल्यावर कॅमेऱ्याला काही दिसत नाही. शेजारी सेल्फी काढणारी पोरं कठड्यावर वाकत होती. "जरा सरीरी," म्हटलं, सरकली. सतरा सेकंद श्वास धरून उभा राहिलो. काचेवर तुषार, पुसून पुन्हा. सहाव्या वेळी जमलं.

पडद्यावर बघितलं तर पाणी गुळगुळीत, रेशमासारखं. नेटवर हजारो लाइक मिळवणारे फोटो असतात तसं. मामांना दाखवलं.

"झालर हाय," ते म्हणाले. "लग्नाच्या मांडवाची. आवाज कुठं हाय?"

फिल्टर काढला. सेकंदाच्या पाचशेव्या भागात पाण्याचा थेंब न् थेंब गोठला, काच फुटल्यासारखा. तेही खोटंच वाटलं. मग भिंगाचं भोक बारीक करत, आयएसओ खाली आणत एक अष्टमांश सेकंदाला आलो. पाण्याला ओढ आली, पण धार तुटली नाही. कड्यावर आपटून उसळणारे लोट वेगळे राहिले. मला हाच वेग पटला. दुसऱ्या कुणाला सतरा सेकंदांचा पटेल, भांडण नाही. मामांनी तोवर पाण्यासाठी कागद कोराच सोडून भोवतीचा कडा रंगवला होता आणि शेवटी ब्रश झटकून त्यावर गेरूचे चार शिंतोडे उडवले. पाच मिनिटं लागली. मला राग आला.

घरी गोकाकची मिठाई करदंट घेऊन आलो आणि रात्री फाइल उघडली. ऑटो व्हाइट बॅलन्सचं बटण सवयीने दाबलं. प्रोग्रॅमने तांबूस पाणी बघितलं, त्याला ती चूक वाटली आणि एका क्षणात पाणी पांढरंशुभ्र. दिसायला सुरेख. कॅलेंडरवर छापण्याजोगं. सप्टेंबरातली घटप्रभा अशी दिसत नाही. ती पश्चिमेकडून माती घेऊन येते, त्या मातीचाच तो रंग. कंट्रोल झेड.

नंतर

मग हलशीची फाइल उघडली. नशीब की डार्कटेबल मूळ फाइलला हात लावत नाही. केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद बाजूला राहते आणि पाहिजे तेवढं मागे जाता येतं. माझे आठ दगड एकेक करून गेले. खांब परत आला, तारा परत आल्या. आता एक नवीनच गोष्ट दिसली. देऊळ सरळ केल्यामुळे खांबाचा कल उघडा पडला होता. तो मुळातच कलता आहे, डावीकडे चांगला चारपाच अंश. आधी सगळंच झुकलेलं असल्यामुळे कळलं नव्हतं. त्याला सरळ करायला मला एक मिनिट लागलं असतं. नाही केला.

प्रिंट बारा बाय अठराचा काढायचा ठरवला. तीनशे डीपीआयने ३६०० गुणिले ५४०० पिक्सल लागतात. माझा कॅमेरा ४००० गुणिले ६००० देतो, पण कडा कापल्यावर हिशेब दोनशे सत्तरच्या आसपास आला. भिंतीवर लावायला पुष्कळ. दुकानाच्या मॉनिटरची मात्र खोड आहे. फ्लेक्सच्या कामाला आम्ही तो डोळे दिपतील इतका उजळ ठेवतो, त्यामुळे पहिला प्रिंट पारच काळवंडून आला. मॉनिटर निम्म्यावर उतरवला, सावल्या थोड्या उचलल्या, दुसरा काढला. दोन प्रिंटचे पैसे गेले. भाऊ म्हणाला, गिऱ्हाईक कोण? मी म्हटलं, आहे एक.

सर्वपित्री अमावास्येला दुकान बंद असतं. सकाळीच मामांना घेऊन हलशीला गेलो. आजोबांनी हात पुसले, प्रिंट दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे नेला. बराच वेळ काही बोलले नाहीत. बोटाने खांब वरपासून खालपर्यंत शोधला, तारा मोजल्या, मग खांबाच्या टोकाला बोट टेकवून थांबले. तिथे दिवा होता. तो दिवसाउजेडी लागलेला होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"रातभर असतोय आणि दिवसभर पण असतोय," ते म्हणाले. "बंद करायचं बटन कुणाकडं हाय त्ये कुणाला म्हाईत न्हाई."

मामा हसले. आजोबांनी प्रिंट बरणीला टेकवून उभा केला, दोन पावलं मागे सरकले, तिरकं बघितलं.

"सगळं बराबर हाय. एक तेवढं काढता येतंय काय बगा."

"काय?"

"त्ये कुत्रं. आमच्या आळीचं न्हाई त्ये."

कुत्रं त्यांच्याच कट्ट्याखाली, पाय ताणून झोपलं होतं.